नाना पेंटरांची बोटं

नाना पेंटर गाडी घासायचे तेव्हा गाडीकडे बघायचेच नाहीत. उजव्या हातात पॉलिशचं फडकं, डाव्या हाताची बोटं पत्र्यावर टेकलेली आणि नजर समोरच्या रस्त्यावर. कोणी ओळखीचं दिसलं की रामराम घालायचा, घरच्यांची चौकशी करायची, हात मात्र चालूच. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय. मलाही वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. नाना शांतपणे म्हणाले, "ताई, डोळा चमक पाहून फसतो. रंग किती उरला ते बोटाला कळतं. बोट फसत नाय."

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ गॅरेजांच्या ओळीत त्यांची टपरी होती. मूळचे सिन्नरकडचे. गाडीला नवा रंग फासून देणारे नाशकात पायलीला पन्नास मिळतील, पण उन्हानं उडालेला जुनाच रंग वर काढायचा तर नानांकडे जा, असं आमच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं.

आमच्या गाडीचं मातेरं मीच केलं होतं. बाबांना पक्षाघात झाला आणि त्यांची लाडकी निळी गाडी पंचवटीतल्या घरामागे उघड्यावर उभी राहिली. ऊन लागू नये म्हणून मी मोठ्या शहाणपणानं पिंपळगावच्या मावसभावाकडून द्राक्षबागेवर घालतात तो प्लास्टिकचा कागद आणला आणि गाडीला सुतळीनं गच्च बांधून टाकला. तीन उन्हाळे आत वाफ कोंडली, धूळ अडकली आणि वाऱ्यानं कागद घासत राहिला. सोडला तेव्हा गाडी राखेसारखी पांढुरकी झालेली. नुसता हात फिरवला तरी भुकटी लागत होती. बाबांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारपणानंतर त्यांच्याकडे मोजके शब्द उरले होते, आणि हवा तो वेळेवर सापडेल याचा भरवसा नव्हता. तरी "नवा रंग मारून घेऊ या" म्हटल्यावर ते स्पष्ट म्हणाले, "नवा नको."

नाना आले ते थेट पेट्रोलच्या झाकणाशी. झाकण उघडून आतला रंग बघितला. "गाडीचा खरा रंग इथं राहतो. इथं ऊन पोचत नाय," म्हणाले. मग मगभर पाणी मागून बॉनेटवर ओतलं. पाणी पसरलं तेवढी गाडी निळीशार झाली. बाबा खुर्चीत पुढे सरकले, "निळी," म्हणाले. आमच्या डोळ्यांदेखत पाणी वाळलं आणि पुन्हा ती राख. नाना म्हणाले, "साहेब, पाण्यात दिसला तेवढा आणून देतो. त्याच्यापुढं मागू नका."

पॉलिशच्या मशीनला ते हात लावत नसत. "रंग कांद्याच्या पापुद्र्याएवढा हाय. वरची राख काढायची अन् थांबायचं. घासायला कोणालाबी येतं, थांबता आलं पायजे." चार दिवसांत टप आणि एका बाजूचे दोन दरवाजे उजळले. फडकं रोज निळं व्हायचं. बाबांना सकाळपासून बाहेर जायची घाई. नाना त्यांना प्रत्येक गोष्ट सांगून करायचे, "साहेब, आज मागचा दरवाजा घेतो बरं का," आणि उत्तर आलं नाही तरी आल्यासारखे मान हलवायचे. इतकं सरळ बाबांशी आम्ही घरातलेसुद्धा बोलत नव्हतो.

पाचव्या दिवशी बॉनेट घेतलं. मी चहा घेऊन बाहेर आले. नाना रस्त्याकडे बघत बाबांना गावातल्या कुणाच्या तरी लग्नाची गंमत सांगत होते. हातातलं फडकं तांबडं झालं होतं. तांबडं म्हणजे खालचं अस्तर, एवढं मला त्यांनीच शिकवलं होतं. फडक्याखाली तळहाताएवढा निळा रंग कायमचा गेला होता, आणि हात चालूच होता. मी ओरडायला हवं होतं. पण नानांना "थांबा" म्हणायचं, आणि ते मी? बाबांनीही बघितलं. त्यांचा चांगला हात वर झाला, तोंड उघडलं. त्यांना शब्द सापडेना, आणि मला सापडलेला बाहेर निघेना. आम्ही बापलेकी नुसते बघत राहिलो, तेवढ्यात आणखी चार बोटं रंग गेला. शेवटी कसंबसं म्हटलं, "नाना, खाली बघा."

त्यांनी बघितलं. डावी बोटं डागावर ठेवली. मग शेजारच्या निळ्या रंगावर. पुन्हा डागावर.

"मला कळलंच नाय, ताई."

मग हळूहळू सांगितलं. साखरेचा आजार पुष्कळ वर्षांचा. चहाचा पेला हातात धरला तरी हल्ली चटका बसत नव्हता. "म्हटलं, कातडी जाड झाली असंल." ते बाबांपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. "साहेब, तुमचा रंग गेला माझ्या हातून. हा काय परत येत नाय." बाबांनी त्यांचा हात धरला, खूप वेळ खटपट केली, आणि शब्द निघाला तो "चहा." म्हणायचं काय होतं, देव जाणे. नानांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्या आठवड्यात आलेच नाहीत. बाबा रोज बाहेर बसायचे आणि फाटकाकडे बघायचे. शेवटी मी टपरीवर गेले. नाना स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. मी म्हटलं, "बाबांना डागाचं काही नाही. रोज फाटकाकडे तुमची वाट बघतात. दुसरी बाजू राहिलीय. तुम्ही नुसते शेजारी बसा. मी घासते, कुठं थांबायचं ते तुम्ही सांगा."

ते उठले. समोर कुणाची तरी गाडी उभी होती. माझी बोटं धरून त्यांनी तिच्या दरवाजावर टेकवली. "सांगा, रंग दाट हाय का पातळ?"

मी डोळे मिटले. जीव बोटांत आणून बघितलं. "नाना, मला नुसतं गुळगुळीत लागतंय."

त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"मलाबी," म्हणाले.