लाइन मोकळी आहे

इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बाईंची सगळी नोकरी गेली. डॉक्टर बदलले, भिंतींचे रंग बदलले, पण जिन्याखालच्या त्या चिंचोळ्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाई त्याच. सगळे त्यांना बोर्डवाल्या बाई म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते बिरुद काही सुटलं नाही. आवाजावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. येताना त्यांनी बोर्डावरची एक खोड मात्र घरी आणली. काम असो नसो, अधूनमधून रिसीव्हर उचलायचा, टोन येतोय ना ते ऐकायचं आणि ठेवून द्यायचा. लाइन बंद पडली असेल तर कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं.

मुलगा घर सोडून गेल्यापासून ही खोड फारच वाढली.

त्याचं असं झालं. बाईंचे यजमान जमीन मोजणी खात्यात मोजणीदार होते. वीतभर जमिनीवरून डोकी फोडणाऱ्यांची समजूत घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण घरात स्वतः तसूभर मागे सरायचे नाहीत. मुलाने इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि दुसऱ्या शहरात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी धरतो म्हणाला, तेव्हा यांनी सांगितलं, जायचं तर जा, पण मग या घरी फोनसुद्धा करायचा नाही. मुलगाही यांचाच. बॅग उचलली आणि गेला, आणि बापाचा हा एकच शब्द त्याने अगदी तंतोतंत पाळला.

वर्ष उलटलं तरी मोजणीदारांच्या तोंडून मुलाचं नाव निघालं नाही. जेवताना समोरची रिकामी खुर्ची दिसू नये म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले, एवढंच. मग एक दिवस बाजारात मुलाचा जुना मित्र भेटला. त्याच्याकडे फोन नंबर नव्हता, ई-मेलचा पत्ता तेवढा होता. काही दिवसांतच घरात एक जुना कॉम्प्युटर आला, मोडेम आला, टेलिफोनच्या वायरीला जोड दिली गेली. मोजणीदारांनी एका बोटाने टाइप करून पत्र धाडलं. तब्येत ठीक आहे. आई ठीक आहे. तुझं कळव. त्यांच्या हिशेबी हे म्हणजे नाक घासून माफी मागणंच होतं.

आणि मग ते उत्तराची वाट पाहत बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. पत्र यायचं तर आपलं इंटरनेट चालू हवं, दार बंद असेल तर पाहुणा परत जाईल, असा त्यांचा पक्का समज. सकाळी अंघोळ झाली की कनेक्शन जोडायचे आणि पडद्यावर कायम उघडंच ठेवलेल्या मेलच्या पानाकडे दिवसभर टक लावून बसायचे.

बाईंचा जीव वेगळ्याच ठिकाणी टांगलेला. रागावलेलं माणूस लिहीत नाही, फोन करतं, हे त्यांनी बोर्डावर हजारदा पाहिलं होतं. आणि घरात लाइन एकच. आतल्या खोलीतला दुसरा फोन त्याच लाइनीवरचा. तो उचलला की कानात मोडेमची किंचाळी शिरायची आणि बाहेर यांचं कनेक्शन तुटायचं. पहिल्यांदा हे अजाणता झालं. नंतर बाई कळून-सवरून उचलून लगेच ठेवू लागल्या. कनेक्शन पुन्हा जुळेपर्यंत तेवढीच चार-दोन मिनिटं लाइन मोकळी.

मोजणीदार बिचारे वायरीला दोष देत. शेवटी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. हा पन्नाशीचा गृहस्थ, पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा आणि कॉम्प्युटरशीही टेपरेकॉर्डरसारखाच वागायचा, म्हणजे आधी चार थापट्या. तो असेपर्यंत बाई चहा करत होत्या, त्यामुळे कनेक्शन टिकलं. तो गेला आणि तुटलं. दुसऱ्या खेपेला त्याने वायर बदलली आणि आता काळजी नको म्हणून छातीठोक सांगितलं. संध्याकाळ व्हायच्या आत पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र तो हट्टालाच पेटला. तुटताना बघितल्याशिवाय उठणार नाही म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

चहा झाला, कप विसळून झाले. दुपार कलू लागली. मुलाच्या हॉटेलात आता जेवणाची गर्दी ओसरली असेल, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना राहवेना. त्या आत गेल्या आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

दुरुस्तीवाला दारात येऊन उभा राहिला. बाईंनी रिसीव्हर लपवला नाही. तो मागे फिरला. हा बाहेर जाऊन काहीतरी थाप मारेल आणि आपल्याला वाचवेल, हे बाईंना कळलं, आणि तेच त्यांना सोसवेना. त्या स्वतःच बाहेर आल्या.

"वायरीत काही नाही," त्या म्हणाल्या. "मी तोडते. तुम्ही दिवसभर लाइन अडवता. त्याने फोन केला तर त्याला काय ऐकू येणार?"

मोजणीदार चिडतील असं दुरुस्तीवाल्याला वाटलं. ते चिडले नाहीत. पडद्याकडे बघतच म्हणाले, "तो नाही करणार फोन. मीच नको म्हटलंय ना त्याला."

दुरुस्तीवाल्याला कुठे बघावं कळेना. म्हणून त्याने कामाचं बोलायला घेतलं. मेलला दार उघडं लागत नाही, ती तिकडच्या पेटीत पडून राहते, दिवसातून एकदा बघितली तरी पुरे, असं त्याने समजावलं. मोजणीदार म्हणाले, बघतोच की, हे काय पान समोर आहे. मग दुरुस्तीवाल्याने विचारलं, हे पान नव्याने मागवता की नाही? मोजणीदारांना प्रश्नच कळला नाही. पत्र आलं की आपोआप दिसेल, असं धरून ते इतके दिवस पहिल्या दिवशीच उतरलेल्या पानाकडे बघत बसले होते. कनेक्शन कितीदा तुटलं आणि जुळलं, पान तेच.

दुरुस्तीवाल्याने कनेक्शन जोडलं आणि पान नव्याने मागवलं. मुलाची दोन पत्रं येऊन पडली होती.

पहिलं पत्र बापाच्या पत्राला उत्तर म्हणून दुसऱ्याच दिवशी आलेलं. लिहायला जमत नाही, फोनच करतो, दुपारी सुट्टी असते, असं त्यात होतं. दुसरं पत्र मोजणीदारांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. पुढचं बाईंनी वाचलं. रोज फोन करतोय, रोज एंगेज लागतो. रिसीव्हर काढून ठेवलाय हे समजलं. आता त्रास देणार नाही.

बाईंना वाटलं, आता यांना चांगलं फैलावर घ्यावं. मग त्यांनी नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं. ती केवढी बारीक झाली होती. त्यांचा राग जागच्या जागी विरला.

"लगेच उत्तर द्या," त्या म्हणाल्या. पण उत्तर लिहायचं तर लाइन पुन्हा अडणार, आणि नेमका आत्ताच त्याने शेवटचं म्हणून फोन लावून पाहिला तर? दुरुस्तीवाल्याने तोड काढली. कनेक्शन बंद करून टाकलं. पत्र आधी लिहून ठेवा, मग क्षणभर जोडून धाडू. मोजणीदार लांबलचक सांगू लागले, कॉम्प्युटर कसा आला, पान कसं जुनंच राहिलं. बाईंनी ते सगळं पुसायला लावलं. दुरुस्तीवाल्याने टाइप केलं: रिसीव्हर काढला नव्हता. बाबा तुझ्या पत्राची वाट बघत होते म्हणून लाइन अडली. आता मोकळी आहे. फोन कर.

पत्र गेलं. मोजणीदारांनी मोडेमची वायर स्वतःच्या हाताने उपटली.

त्या दिवशी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोजणीदार बाहेरच्या फोनशेजारी बसून होते. फोन आलाच तर तू घे, असं ते बायकोला पुन्हा पुन्हा सांगत होते. बाई ऐकेनात. मी काय बोलू त्याच्याशी, असं मोजणीदारांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "काही बोलू नका. त्याला बोलू द्या."

पुढे एका दुपारी फोन वाजला. मोजणीदारांनी उचलला. मग त्यांनी रिसीव्हर बाईंच्या पुढे धरला.

"रडतोय तो," ते म्हणाले. "घे ना तू."

बाईंचा हात पुढे झाला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐका."

मोजणीदारांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.