ताडपत्री परत बांधून जाणारा चोर

म्हसाच्या जत्रेतली ती चोरी आजही आठवली की मला आधी राग येतो, मग हसू येतं आणि शेवटी मी डोकं खाजवत बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते प्रकार वाईट, पण समजायला सोपे. कोणाला काय हवं होतं ते कळलं की निम्मा तपास झाला म्हणून समजा. या प्रकरणात मात्र कोणाला काय हवंय तेच मला कळेना, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं कळलेलं नाही.

तेव्हा मी मुरबाड भागात पोलीस निरीक्षक होतो. हिवाळ्यात म्हसाची जत्रा भरली की ठाण्यातली निम्मी माणसं तिकडे बंदोबस्ताला जायची. हरवलेली पोरं, मारलेली पाकिटं, बैलांच्या सौद्यावरून झालेल्या हाणामाऱ्या, हे नेहमीचंच. त्यामुळे जत्रेत चोरी झाली यात नवल नव्हतं. नवल फिर्यादीचं होतं.

फिर्यादी म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखानदार. पंपात बसतात ती रबरी सीलं तो बनवायचा आणि वाशिंदजवळच्या एका मोठ्या कंपनीला पुरवायचा. त्याचं म्हणणं असं, की सकाळी माल भरून टेम्पो कंपनीकडे निघाला, ड्रायव्हर मध्येच जत्रेत रेंगाळला, आणि कंपनीच्या गेटवर वॉचमनसमोर ताडपत्री सोडली तर आत एकही खोका नव्हता.

"संशय कोणावर?" आमच्या हवालदारांनी फिर्याद लिहिता लिहिता विचारलं.

शेठ जरा घुटमळला. "ड्रायव्हरवरच येणार ना, साहेब." आणि लगेच पुढे, "एफआयआरची कॉपी कधी मिळेल?"

ज्याच्या घरी चोरी होते तो माणूस पहिलं काय विचारतो? माझं मिळेल का? हा गृहस्थ ते सोडून बाकी सगळं विचारत होता. दुसऱ्या दिवशी ठाणं झाडून व्हायच्या आत पुन्हा दारात. "साहेब, कॉपीवर शिक्का स्पष्ट उठला पाहिजे हां." मला वाटलं, विम्याचा मामला असणार. चौकशी केली तर मालाचा विमाच नव्हता. मग हा शिक्क्यासाठी एवढा का मरतोय, मला काही उमगेना.

इकडे ड्रायव्हर आमच्या ताब्यात; टेम्पो कुठे उभा होता ते दाखवायला त्याला जीपमधून जत्रेतही नेऊन आणलं होतं. पन्नाशी उलटलेला, मुरबाडजवळच्याच एका खेड्यातला माणूस. थोडी भातशेती आणि स्वतःचा टेम्पो, एवढाच संसार. हवालदारांनी त्याला समोर बसवलं.

"मुरबाडहून वाशिंदला जायचं तर गाडी शहापूरच्या अंगाला घालायची. तू उलटा म्हसाला कशाला मेलास?"

"बैल बघाया गेल्तो."

"माल गाडीत ठेवून?"

"हां."

"कोणाला विकलास माल?"

"नाय विकला, साहेब."

"मग गेला कुठं?"

त्यावर तो खाली मान घालून बसायचा. अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. आजीचं आजारपण काढतो, गाडीचं पंक्चर काढतो. हा काहीच काढत नव्हता. काहीतरी दडवत होता एवढं नक्की, पण दडवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी भीती असते ती नव्हती. उलट शरम होती.

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली, आत यायला तयार नाही. मी बाहेर गेलो तेव्हा उठून उभी राहिली.

"साहेब, जत्रेत सगल्या गावानं यांना तुमच्या जीपमंदी बसताना बघलं. गाडीवर चोरीचा बट्टा लागला तर उद्या कोण माल देल ओ आमाला? टेम्पोवाल्याकडं दुसरं काय हाय, नाव सोडून?"

मी म्हटलं, "मावशी, तपास चालू आहे." पोलिसांचं हे एक हुकमी वाक्य आहे. बोललं की बोलणाऱ्याचं काम भागतं आणि ऐकणाऱ्याचं काहीच भागत नाही.

मग खबर आली, आणि मी आणखीच चक्रावलो. जत्रेत कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकणारा एक दुकानदार आमच्या ओळखीचा होता. त्याच्या पालाच्या मागेच तो टेम्पो उभा होता. तो म्हणाला, "साहेब, भरदिवसा एक माणूस जीप घेऊन आला. खोकी काढली, जीपमधी टाकली. दोन दोन खोकी बगलेत मारून नेत होता, एवढी हलकी. आन मग ताडपत्री परत बांधली बेस. म्या स्वताच त्याला कासरा दिला, त्याची दोरी तुटली म्हनून. मला वाटला, त्याचाच माल असंल."

आता बोला! चोर माल काढतो आणि ताडपत्री परत बांधून जातो. वर दोरीही विकत घेतो. हवालदार म्हणाले, "साहेब, एवढा नीटनेटका चोर उभ्या नोकरीत पाहिला नाही." मीही पाहिला नव्हता. आणि रबराची खोकी हलकी कशी?

त्यातच कंपनीच्या खरेदी विभागातल्या मॅडम ठाण्यात आल्या. तरुण, चटपटीत बाई. मला वाटलं, मालाची चौकशी करायला आल्या असतील. त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "सर, एफआयआर झाली का? कॉपी मला पण लागेल."

मी कपाळावर हात मारला. "मॅडम, या मालात कोणालाच रस नाही का? सगळ्यांना कागदच हवाय!"

त्या हसल्या आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. कंपनीला शेकडो लहान-मोठे पुरवठादार. प्रत्येकाला दर महिन्याला गुण मिळतात. माल वेळेवर आला का, दर्जा ठीक आहे का, यावरून हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा. सतत लाल शेरा आला की काम दुसऱ्याकडे जातं. "एवढ्याशा सीलसाठी पूर्ण पंपाची लाइन थांबते, सर. मग वरून आम्हाला विचारतात." या पुरवठादाराला आधीचा एक लाल शेरा होता, आता दुसरा बसला तर त्याचं नाव यादीतून जाणार होतं. "पण चोरी, अपघात, पूर अशा गोष्टी त्याच्या हातात नसतात. पोलिसांचा कागद जोडला की तो उशीर धरत नाहीत."

मी त्यांना चहा पाजला आणि पाठवून दिलं. डोक्यात काहीतरी हललं होतं, पण दोन टोकं जुळत नव्हती. शेठचा फायदा कळला. पण माल असेल तर तो चोरायचा कशाला? सरळ पोचवायचा ना!

मी ड्रायव्हरला पुन्हा समोर बसवलं. या खेपेला प्रश्न विचारले नाहीत. फिर्याद काढली आणि त्याला वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून. संशयिताच्या नावाशी आलो तसा तो म्हणाला, "थांबा. परत वाचा."

मी परत वाचलं.

"ह्या शेठनी सांगितला?"

"त्यांनीच. सही आहे त्यांची."

त्याने त्या सहीवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, त्यांनीच धाडला मला म्हसाला. बोलले, आज घाई नाय, जा, बैल बघून ये, तुला नाद हाय ना. पन कुनाला सांगू नको, कंपनीत कळला तर मला बोलनी बसतील. म्हनून मी नाय बोललो. मला वाटला, मी बोललो तर त्यांचा काम जायल."

म्हणजे ज्याने याला चोर म्हणून लिहून दिलं, त्याच्याच कामाची काळजी करत हा आमच्या कोठडीत तोंड शिवून बसला होता. मला शेठचा असा संताप आला, की लगेच जीप काढायला सांगितली.

कारखान्यात गेलो तर सामसूम. काम करणाऱ्या बायका बाहेर उन्हात बसून वाल सोलत होत्या. मी सहज विचारलं, "काय गो, आज सुट्टी?"

"सुट्टी कसली? साचा फुटलाय. आठवडा झाला, मशीन बंद हाय."

साचा फुटलेला, मशीन बंद, आणि याच आठवड्यात टेम्पो भरून माल निघालेला. मागच्या शेडमध्ये खोकी रचलेली मिळाली. फोडली तर आत भाताचा तूस; माल मुळात तयारच झाला नव्हता. खोकी भरणारा आणि जत्रेतून उचलून आणणारा नीटनेटका चोर म्हणजे शेठचा सख्खा मेहुणा. ताडपत्री परत बांधली, कारण रिकामा टेम्पो कंपनीच्या गेटवर, त्यांच्याच माणसांसमोर उघडायला हवा होता.

शेठ तिथेच खोक्यावर बसला. "साहेब, उशीर झाला म्हणून सांगितलं तर लाल शेरा बसतो. चोरी झाली म्हणून सांगितलं तर नाय बसत. तुमीच सांगा, मी काय सांगायचं?"

पुढे जबाबासाठी मॅडमना बोलावलं, तेव्हा हे दोघं समोरासमोर आले. मॅडम खरोखर दुखावल्या होत्या. "अहो, मला एक फोन करायचात. आमच्या टूलरूममधून साचा दुरुस्त करून दिला असता!"

"मागं कच्चा माल अडकला तवा केला होता ना फोन, मॅडम. खरं सांगितलं. महिना भरला तसा लाल शेरा."

"तो शेरा मी देत नाही. सिस्टीम देते."

मी जबाबाचा कागद पुढे ओढला. उभ्या नोकरीत आरोपीचं नाव, वय, पत्ता लिहिला. आता या सिस्टीमचा पत्ता कुठला लिहू? दोघंही मला खरे वाटत होते आणि दोघांचाही राग येत होता. कायद्याला मात्र माझ्यासारखा गोंधळ परवडत नाही. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल कोर्टात पाठवला, शेठ आणि मेहुण्यावर कारवाई केली. कंपनीनेही त्याचं काम बंद केलं. त्या बायकांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. विचारून मी काय करणार होतो?

या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली. माणूस खोटं बोलतो तेव्हा तो कोणाला घाबरतो ते आधी बघावं. हा वरच्याला घाबरला आणि खालच्याचा बळी दिला. कंपनी असो, कारखाना असो की आमचं पोलीस खातं, वरून आलेला दाब शेवटी ज्याला पुढे ढकलायला कोणी उरत नाही त्याच्यावरच पडतो. खरं बोलणाऱ्याला शिक्षा आणि कागद आणणाऱ्याला माफी, असा नियम केला की लोक कागद आणतात. पण मग माल वेळेवर मागूच नये का? त्या मॅडमची लाइन थांबायची, तिचं काय? इथे आलो की माझी गाडी पुन्हा अडते.

टेम्पो परत देण्याच्या दिवशी ड्रायव्हर बायकोला घेऊन आला. नेमका जामिनावर सुटलेला शेठही ठाण्यात हजेरी द्यायला आला होता. त्याने सगळ्यांदेखत हात जोडले. "माफ कर रे. मला वाटलं, एक-दोन दिवसांत सोडतील तुला."

ड्रायव्हरने आधी किल्ली बायकोच्या हातात दिली. आवाज चढवला नाही.

"शेठ, मला इस्वासात घेऊन सांगितला असता ना, का असा असा हाय, तर मी तुमच्यासाठी खोटा बोललो असतो. साहेबांनी मारला असता तरी बोललो असतो. पन तुमी मलाच फसवलात."

मी खुर्चीतून उठलो होतो. पोलीस अधिकाऱ्यासमोर एक माणूस उघड उघड सांगत होता, की मी खोटी साक्ष दिली असती. त्याला दटावणं माझं काम होतं. मी दटावलं नाही. शेठने मान खाली घातली होती, ती तो टेम्पो फाटकाबाहेर जाईपर्यंत वर आली नाही.