निळ्या रांगोळीतले मैदान

नगररचनाकार मालतीताई परब यांची आणि माझी पहिली भेट प्रभादेवीच्या त्यांच्या लहानशा कार्यालयात झाली. टेकडीवरचे पावसाचे पाणी कुठून उतरते आणि कुठे साचते, याचा संगणकावर काढलेला नकाशा मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे पसरला. ताईंनी तो बराच वेळ न्याहाळला. "सुरेख झालाय," त्या म्हणाल्या. "आता चपला घाला. ज्यांच्या दारात हे पाणी येतं, त्यांना दाखवून येऊ." तेव्हापासून मी त्यांच्यामागे चपला झिजवतो आहे, आणि अजून कंटाळलेलो नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आणि लालबागचे ते मैदान आठवले. जमिनीच्या वापराच्या नव्या आराखड्यात तिथे सिमेंटचा वाहनतळ सुचवला होता. पाणी मुरण्याची ही जागा गेली, तर ते थेट भोवतालच्या चाळींत शिरणार, ही ताईंची धास्ती. आराखड्यावरच्या पालिकेच्या सुनावणीत ते पटवायला रहिवाशांची साक्ष हवी होती. ताईंनी चाळीच्या अंगणात रांगोळीने सारा परिसर रेखाटला आणि सांगितले, जिथे पाणी साचते तिथे निळा रंग भरा.

काय उत्साह लोकांचा! भांडत, हसत त्यांनी अंगण निळे केले. मैदान मात्र कोरडेच राहिले. गणेशोत्सवाचा मांडव तिथेच पडतो. पाणी साचते म्हटले तर परवानगी जाईल, या भीतीने मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्यांना आधीच पढवून ठेवले होते.

ताई नकाशाभोवती एक फेरी मारून आल्या. "काय हो अध्यक्ष, पाऊस तुमच्या मैदानाला वळसा घालून जातो वाटतं?"

हशा पिकला. अध्यक्ष हट्टाला पेटले. "ताई, जागा गेली तर बाप्पा बसवायचा कुठे? तुमच्या हापिसात?"

"बसवा की, मोदक मी करते," ताई म्हणाल्या. "पण मैदान कोरडं दाखवलंत, तर ते राखायचं कारण काय उरलं? तिथे गाड्या लागतील, मांडव जाईल आणि पाणी घरात येईल."

तेवढ्यात तळमजल्यावरून अध्यक्षांच्या आई कडाडल्या, "मेल्या, घरात पाणी इला ता इसारलस काय? टाक ती रांगोळी!" अध्यक्षांनी अख्खी पुडी मैदानावर रिकामी केली.

सुनावणीत ताईंनी अध्यक्षांनाच बोलायला उभे केले, स्वतः मागच्या खुर्चीवर बसल्या. मैदान वाचले. ते थोडे खोल केले गेले आणि एका कडेला मांडवासाठी उंच चौथरा बांधला. मोदकांचा शब्द ताई दरवर्षी पाळतात.

माणसे बोलती करण्याची त्यांची हातोटी मी घरीही अनुभवली आहे. माझे वडील परळच्या रुग्णालयात होते तेव्हा ताई डबा घेऊन येत आणि त्यांच्याकडून गिरगावातल्या जुन्या विहिरींच्या जागा विचारून घेत. सांगता सांगता बाबा दुखणे विसरत. ते ऋण मला फेडायचेही नाही.

ताई, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, आणि अंगणात बसून रेखाटायला गुडघेही तुमचे ऐकोत. कालच्या मुसळधार पावसात मैदान तुडुंब भरले होते. अध्यक्षांच्या आईंनी तुमच्यासाठी माझ्याजवळ निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा पोचवतो: "ताईक सांग, औंदा पाणी भायरच रवला."