सावकाशची बस स्टँडातच का अडते

निवृत्त झाल्यावर कोणी कुंड्यांत मिरच्या लावतं, कोणी बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतं. सावकाशने बस चालवायला घेतली. खरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरातच राहिला. जाताना तिनेच त्यात बसचा गेम टाकून दिला आणि म्हणाली, "बाबा, वेळ जाईल." वेळ असा गेला की जेवायला हाका मारून बायकोचा घसा बसायचा आणि आतून उत्तर यायचं, "आलो, दोनच स्टॉप राहिलेत."

सावकाश हे नाव डेपोने ठेवलेलं. नोकरीभर त्याने बस कधी पळवली नाही. प्रवासी घड्याळाकडे बघून कुरकुरायचे, पण त्याच्या बसला ओरखडा म्हणून नाही. त्याच्या कंडक्टरचं नाव सुट्टे, कारण दिवसभर त्याच्या तोंडात तो एकच शब्द. तोंडाचा पट्टा असा चालायचा की शेवटच्या स्टॉपला उतरलेला माणूसही दोन पावलं मागे वळून ऐकत राहायचा.

तोच सुट्टे आता दुसऱ्या शहरात, मुलाकडे राहत होता. बायको गेली, गुडघे गेले आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं. फोन केला तर म्हणायचा, "बरंय," आणि ठेवून द्यायचा. मग त्याच्या सुनेने एक युक्ती काढली. रविवारी सकाळी सावकाशने इकडे बस चालवायची, ती तिकडे सासऱ्यांच्या पडद्यावर दिसायची आणि दोघांनी कानाला हेडफोन लावून बोलायचं. पहिल्याच रविवारी सावकाश स्टॉपवर थांबला, माणसं चढली आणि कानात सुट्टेचा आवाज आला, "टिंग टिंग." सावकाशचे डोळे भरून आले, पण हात स्टिअरिंगवर असल्याने पुसता आले नाहीत. स्टिअरिंग कसलं, कीबोर्डच. पण तो सोडून डोळे पुसणं त्याच्या शिस्तीत बसत नव्हतं.

"काका," सून नंतर फोनवर म्हणाली, "आठवड्यात एवढाच वेळ बाबांचा आवाज घरात ऐकू येतो."

पुढे कॉम्प्युटर दगा द्यायला लागला. रस्त्याला बस छान पळायची. मोठ्या स्टँडात शिरलं, माणसांची आणि दुसऱ्या गाड्यांची गर्दी झाली, की चित्र जागच्या जागी थिजायचं आणि सुट्टेचा आवाज तुटायचा. एका रविवारी तर असं सारखं व्हायला लागलं.

"राहू दे रे सावकाश," सुट्टे म्हणाला. "तुझी बस म्हातारी झाली. माझं डोकं दुखतं. बघू पुन्हा कधीतरी."

हे 'बघू' सावकाशच्या चांगलं ओळखीचं होतं. बसायला जागा मिळेल का, असं विचारणाऱ्याला सुट्टे कायम 'बघू' म्हणायचा, आणि तो माणूस शेवटपर्यंत उभाच असायचा.

त्याने मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, सेटिंगमध्ये जाऊन आरसे बंद करा. गेम हलका होतो."

"आरसे बंद करून बस काढू?"

"गेम आहे बाबा तो."

"तुझ्यासाठी," सावकाश म्हणाला.

शेवटी नवराबायको कॉम्प्युटर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. बायकोने जिन्यातच बजावलं होतं, "एकच वस्तू घ्यायची. दुसरीचं नाव काढायचं नाही." दुकान एका तरुण बाईचं होतं. अंबाड्यात पेन्सिल खोचावी तसा तिने स्क्रूड्रायव्हर खोचला होता.

"काय त्रास आहे, काका?"

इथे डेपोतली एक खोड सांगायला हवी. बसमध्ये एक बिघाड असला की ड्रायव्हर वर्कशॉपला चार सांगतो. ब्रेक ढिला असेल तर ब्रेक ढिला, गिअर अडतो, हॉर्न बसलाय, सीट हलते. फोरमन त्यातले तीन सोडून देतो आणि एक करतो. दोन्ही बाजूंना हे ठाऊक असतं, त्यामुळे कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही.

"चित्र धुरकट आहे," सावकाशने सुरुवात केली. "रंग उडालेत. पंखा ओरडतो. आणि अडखळते. सगळीकडेच अडखळते."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, पण चारचौघांत ती त्याचं बोलणं खोडत नसे.

"चित्र धुरकट, वर सगळीकडे अडखळते, म्हणजे ग्राफिक्स कार्डच बदलू या," दुकानवाली म्हणाली आणि बसवूनही दिलं.

घरी येऊन बस सुरू केली आणि बायको कधी नव्हे ती खुर्ची ओढून बसली. "अहो, झाडांना पानं आहेत." तोवर झाडं म्हणजे हिरवे गोळे होते. "आणि त्या म्हाताऱ्याचा स्वेटर कोपरावर उसवलाय, बघितलं का?" सावकाशची छाती फुगली. मग मोठं स्टँड आलं. बस आत शिरली, माणसं पुढे सरकली आणि सगळं थिजलं. उसवलेल्या स्वेटरचा धागा न् धागा दिसत होता, म्हातारा मात्र एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा.

बायकोने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुम्ही तिला 'सगळीकडे' का म्हणालात? रस्त्यावर कधी अडखळलीय?"

"सवय आहे गं बोलायची."

"फोरमन तुमच्या चार तक्रारींतल्या तीन सोडून द्यायचा. त्या पोरीने चारही खऱ्या धरल्या."

सावकाशने बस बंद केली.

शनिवारी तो कॉम्प्युटरचं कॅबिनेट छातीशी धरून पुन्हा दुकानात गेला. बायको मागून वायर सावरत होती.

"बाई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी तुम्हाला वाढवून सांगितलं. चित्राचा मला काही त्रास नव्हता. रिकाम्या रस्त्यावर अडत नाही, घाटात अडत नाही. फक्त स्टँडात गर्दी झाली की अडते."

दुकानवालीने कपाळावर हात मारला नाही, हे तिचं मोठेपण. तिने कॅबिनेट जोडलं, सेटिंगमध्ये जाऊन गेमचं चित्र होईल तेवढं भरड केलं आणि त्याला बस स्टँडात न्यायला सांगितली. बस तिथेच अडली.

"कार्डाचं काम एवढं कमी केलं, तरी अडली. म्हणजे अडवणारा दुसरा आहे. कार्ड चित्र रंगवतं. कोणता माणूस कुठे चढणार, कोणती गाडी कधी सुटणार, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. तुमचा जुना आहे, गर्दीत त्याच्या नाकी नऊ येतात."

"म्हणजे स्टँडातला कंट्रोलर," सावकाश म्हणाला. "तो गांगरला की गाड्या कितीही रंगवा, फलाटावरून हलत नाहीत."

"तेच. तुमच्या मदरबोर्डावर बसेल असा मोठा प्रोसेसर आहे माझ्याकडे. पण मग कार्ड मला परत द्या. तुमचं जुनं ठेवलंय मी, ते लावते."

"म्हणजे ती पानं जाणार?" बायकोने विचारलं.

"जाणार, काकू."

सावकाशने बायकोकडे पाहिलं. पानं तिची होती. त्याच्या गेममध्ये तिला आवडलेली एवढी एकच गोष्ट.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "पानं आपल्या खिडकीबाहेरही आहेत. सुट्टेभावजी नाहीत."

रविवारी सुट्टेने आढेवेढे घेतले. "एकदाच येतो. अडली की मी उतरणार."

बस निघाली. झाडं पुन्हा गोळे झाली होती. स्टँडाचं वळण आलं तशी बायको दारात येऊन उभी राहिली आणि डोळे मिटून तिने हात जोडले. देवाकडे आजवर तिने मुलीसाठी परीक्षेत यश मागितलं होतं, जावयाची नोकरी मागितली होती. प्रोसेसरसाठी हात जोडायची ही पहिलीच वेळ. पण मागायचं तर काय लागतंय ते खरं मागावं, असा तिचा हिशेब होता.

बस फलाटाला लागली. माणसं सरकली, चढली, बसली. बाजूने दुसरी बस गेली. काही थिजलं नाही. म्हाताऱ्याचा दुसरा पायही आत आला.

"टिंग टिंग," कानात अख्खा आवाज आला.

सावकाशने गिअर टाकला आणि सवयीने आरशात पाहिलं. "थांब, मागे एक बाई धावत येतेय."

"येऊ दे की. आपल्याला कुठली घाई आहे?" सुट्टे म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. "अहो बाई, चढा लवकर, आणि सुट्टे काढून ठेवा."

लांबून त्याच्या सुनेचं हसू ऐकू आलं. बायकोने डोळे उघडले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"पुढच्या रविवारी घाटातली फेरी घे रे," सुट्टे म्हणाला.

"बघू," सावकाश म्हणाला.

"बघू काय बघू? तो शब्द माझा आहे. मुकाट्याने ये."