पाठ नसलेलं कोर्ट

नेब्रास्कातल्या आमच्या टार्बेल काउंटीच्या कोर्टाला मागची बाजूच नाही. बांधायला काढलं तेव्हा चौकाच्या चारही अंगांचे दुकानदार भांडायला उठले, की कोर्टाची पाठ आमच्याकडे नको. शेवटी आर्किटेक्टने कंटाळून चारही बाजूंना एकच तोंड दिलं. तेच खांब, त्याच पायऱ्या, दारावर दगडात कोरलेली तीच मक्याची कणसं. घुमटाखाली घड्याळाच्या तबकड्याही चार. त्या चार वेगळ्या वेळा दाखवतात, ते सोडा.

उत्तरेच्या दारासमोर ओटिली व्होंद्राचेकचं हॉटेल. जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे मधे गोड सारण भरलेले चेक पाव, तिने करावेत आणि इतरांनी गप्प बसून खावेत. ज्युरीवरची माणसं, लग्नाचं लायसन काढायला आलेली जोडपी, सगळी त्या दाराने बाहेर पडून तिच्याकडे यायची.

एका हिवाळ्यात काउंटीचा कारभार पाहणाऱ्या कमिशनरांनी उत्तरेचं दार बंद केलं. म्हणे गार वारं आत येतं. दारापुढे कचऱ्याचे डबे आणून ठेवले. ओटिलीचं गिऱ्हाईक पार आटलं. वसंतापर्यंत हॉटेलला कुलूप लागणार, हे आम्हाला दिसत होतं. बाकीच्या तीन बाजूंचे दुकानदार मात्र हूं की चूं करीनात.

कमिशनरांच्या पुढच्या जाहीर सभेत ओटिली उठली. आता रडणार, असं मला वाटलं.

"माझी तक्रार नाही. कोर्टाला पाठ हवी तर असू दे. फक्त ती फिरती ठेवा. यंदा माझ्याकडे, पुढच्या वर्षी पूर्वेला."

पूर्वेला कमिशनर ड्वेन केसलचंच हार्डवेअरचं दुकान. तो म्हणाला, "अगं, इमारतीची पाठ फिरेल कशी?"

"डब्यांना चाकं आहेत की, ड्वेन."

लोक खो खो हसले. पश्चिमेची टोप्या विकणारी नॉर्मा ताडकन उठली. "माझ्या दारात कचरा? जमायचं नाही."

"का गं? माझ्या दारात बरा जमला."

मग दक्षिणेचा औषधवाला नॉर्मावर घसरला, नॉर्मा ड्वेनवर. आजोबांचं भांडण नातवंडांनी हौसेने पुढे चालवलं. पाठ कोणालाच नको होती, म्हणून दार उघडायचं ठरलं.

सोमवारी सगळी ज्युरी उत्तरेच्या पायऱ्या उतरून ओटिलीकडे आली. बसायला जागा उरली नाही. न्यायाधीश स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कोलाचे खात होते. ओटिलीने त्यांच्या हातात फडकं दिलं. "खाऊन झालं असेल तर कप पुसा. बाहेर माणसं खोळंबलीत."

त्यांनी पुसले.