डेंजरला सांगितलेला स्वयंपाक

आमच्या बोहलोकोंग वस्तीत नाताळच्या दिवशी कोंबडीची चौकशी कुणी करत नाही. कोंबडी सगळ्यांकडेच असते. चौकशी होते ती ताटातल्या रंगांची. पांढरा भात, लाल बीट, नारिंगी भोपळा, हिरवी पालेभाजी, बटाट्याचं पिवळं सॅलड, कोबी-गाजर, मिरची घातलेला तांबूस घेवडा, असे सात रंग दिसले पाहिजेत. एखाद्या घरी सहाच निघाले तर ती बातमी ईस्टरपर्यंत गल्लीत चघळली जाते. चघळणाऱ्यांत मी पहिली असायचे, खोटं कशाला बोलू! त्यातून दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या ह्या शहराचं नावच बेथलेहेम, म्हणजे नाताळ आमच्या घरचाच, असा आमचा तोरा.

आता त्यातलं फार उरलं नाही. पोरं मोठ्या शहरांत गेली, येतात ती विकतचे डबे घेऊन. पण डिसेंबरच्या उन्हात पीच पिकायला लागले आणि कुणाच्या तरी घरून आल्याचा वास आला, की मला शेजारच्या माशुदूचा तो पहिला नाताळ आठवतो आणि जीव कासावीस होतो.

माशुदू व्हेंडाकडची, पार उत्तरेची. पाकिसोने तिला लग्न करून आणली तेव्हा तिला आमची सोथो भाषा धड येत नव्हती. आमच्यात नव्या सुनेला सासरचं नाव मिळतं आणि ते व्हायच्या बाळावरून असतं, अमक्याची आई. तिच्या सासूने तिचं नाव ठेवलं मा-तेबेलो. ती सासू, मा-दिसेबो, म्हणजे पाकिसोच्या बहिणीची, दिसेबोची आई, माझी जिवाभावाची मैत्रीण. त्या घरचा नाताळ तिचाच असायचा, सगळं कुटुंब तिच्या अंगणात जमायचं. त्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये, ती गेली.

तेबेलो काही अजून जन्माला आला नव्हता. तेवढंच निमित्त धरून पुसेलेत्सो आत्या, म्हणजे सासऱ्याची थोरली बहीण, सुनेला मुद्दाम माहेरच्याच नावाने हाक मारायची. दफनाच्या जेवणातच ती सगळ्यांदेखत म्हणाली, “यंदाचा नाताळ ह्या माशुदूच्या हातचा खाऊन बघू. जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून सगळे माझ्याकडे, क्वाक्वाला.”

“आणि तुझा भाऊ?” मी विचारलं.

“तोही येईल की!”

तो येणार नव्हता हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मोलेफी म्हाताऱ्याचे, म्हणजे माशुदूच्या सासऱ्याचे, गुडघे गेलेले, आणि बायकोला मातीत ठेवलेलं गाव सोडून तो एक रात्रही कुठे राहिला नसता. नाताळ क्वाक्वाला गेला असता तर त्या दिवशी म्हातारा बंद घरात एकटा बसला असता. माशुदूला धास्ती होती ती ह्याची. स्वतःच्या नावलौकिकाचं तिला काही पडलं नव्हतं.

डिसेंबर लागला तशी ती कुंपणाशी येऊ लागली. डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल, हातात बीट.

“मावशी, आई बीटमध्ये कांदा घालायच्या का हो?”

“छे! नुसती साखर आणि व्हिनेगर.”

“दिसेबोताई फोनवर म्हणाल्या, कांदा असायचाच. आणि हे जाताना म्हणाले, आई आंबटगोड चटणी घालायची.”

“पाकिसोला काय कळतंय! त्याला ताटात पडलेलं तेवढं माहीत.”

बटाट्याच्या सॅलडचं तेच. एक म्हणे त्यात डब्यातलं गोड दूध घालायची, दुसरा म्हणे सफरचंद. पंचाईत जेलीची, पंचाईत कस्टर्डची. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे पाच मुखांतून पाच स्वयंपाक निघाले. पोरीने सगळ्या जगाला विचारलं. विचारलं नाही ते एकाच माणसाला, आणि नेमकं त्यालाच सगळं ठाऊक होतं. मा-दिसेबोची बोटं आखडलेली असायची, म्हणून दर नाताळला तिच्याशेजारी बसून भाज्या सोलायचा-चिरायचा तो मोलेफी म्हाताराच.

पण विचारणार कशी? आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही, त्याचं नाव तोंडाने घेत नाही, आणि सून चुलीशी असताना सासरा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. ते मौन सासऱ्यानेच कधीतरी सुनेला काहीतरी देऊन मोडायचं असतं. तोवर निरोप नवऱ्यामार्फत. आणि नवरा मालट्रक घेऊन डर्बनच्या वाटेवर, नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. म्हातारा आपला रोज स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खोक्यावर बसून एका जुन्या चाकूला धार लावत असायचा.

“मावशी, मामंजी माझ्यावर रागावलेत का हो? सारखा तो चाकू घेऊन बसतात!”

“अगं, तू बीट चिरतेस तसं बघवत नसेल त्याला,” मी थट्टेवारी नेलं. पण खरं कारण मलाही कळत नव्हतं.

नाताळ दोन दिवसांवर आला होता. ती आत बीट सोलत होती, मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. म्हाताऱ्याच्या पायाशी त्यांचा कुत्रा पडला होता. नाव डेंजर, तोंडात दात नाही. म्हाताऱ्याने त्याच्याकडे तोंड केलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, “डेंजर, बीट आधी सोललं ना, तर सगळा रंग पाण्यात जातो रे बाबा. सालीसकट उकडायचं असतं. तुला काय कळणार म्हणा!”

आतला सोलण्याचा आवाज थांबला. लेकी बोले सुने लागे हे ऐकलं होतं. कुत्र्या बोले सुने लागे हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जरा वेळाने आतून बारीक आवाज आला, तोही कुत्र्यालाच.

“डेंजर, मग बीटमध्ये कांदा असतो की नसतो?”

“असतोही आणि नसतोही, डेंजर. बीट एकाच पातेल्यातलं, पण दिसेबोची आई ते वेगवेगळ्या वाट्यांत काढायची. दिसेबोच्या वाटीत कांदा, पाकिसोच्या वाटीत चटणी. शेजारणीच्या वाटीत साखर आणि व्हिनेगर.”

शेजारीण म्हणजे मी. इतकी वर्षं मी गल्लीभर सांगत सुटले होते की मा-दिसेबोचं बीट असं असतं. ते तसं फक्त माझ्यापुरतं होतं. हातात ओला टॉवेल होता, त्यानेच डोळे पुसले.

मग त्या कुत्र्याची जी शिकवणी चालली! “डेंजर, भोपळ्यात साखर आणि दालचिनी. पण पुसेलेत्सोची वाटी साखर घालण्याआधी काढायची. तिला साखरेचा आजार आहे, आणि तो कुणी बोलून दाखवलेला तिला खपत नाही.” “डेंजर, आल्याच्या सरबतावर, गेमेरेवर, मनुका तरंगायला लागल्या की ते प्यायला झालं.” “डेंजर, लाल जेली घट्ट झाल्याशिवाय तिच्यावर हिरवी ओतू नये, आणि कस्टर्ड पार निवल्याशिवाय जेलीला लावू नये.” डेंजर बिचारा मान वाकडी करकरून ऐकायचा आणि हाड मिळेल ह्या आशेने शेपूट हलवायचा. त्याच्या सात पिढ्यांत एवढं शिक्षण कुणाला मिळालं नसेल. जेली माझ्या फ्रिजमध्ये लावली, कारण तिच्या फ्रिजमध्ये कोंबड्यांनाच जागा पुरेना.

“डेंजर,” शेवटी माशुदूने विचारलं, “आणि ह्या घरच्या मोठ्या माणसाची वाटी?”

म्हाताऱ्याने चाकू पुसून खिशात ठेवला. “ती दर वर्षी विचारायची, डेंजर,” तो म्हणाला. “मोठा माणूस म्हणायचा, काहीही चालेल.” आणि उठून पीचच्या झाडाखाली जाऊन बसला.

पुरुषांच्या ह्या ‘काहीही चालेल’चा मला भारी संताप येतो. बाई जन्मभर विचारत राहते, आणि ती गेल्यावर ह्यांच्या लक्षात येतं की उत्तर द्यायचं राहिलं.

नाताळला सगळे चर्चमधून थेट अंगणात आले. पाकिसो पोचला होता, दिसेबो मुलांना घेऊन आली होती. नव्या कपड्यांतली गल्लीतली पोरं गोळ्या मागायला दारात येत होती. पुसेलेत्सो आत्या हॅट घालून मधल्या खुर्चीत बसली. ताट समोर येताच तिने काट्याच्या टोकाने रंग मोजले. सात भरले. मग भोपळ्याचा घास घेतला आणि थबकली. शेजारी बसलेल्या दिसेबोच्या पोरीच्या ताटातला भोपळा चाखला, मग पुन्हा स्वतःचा.

“हिचा गोड आहे,” ती म्हणाली. “माझा नाही.”

“आई तुमची वाटी वेगळी काढायच्या,” माशुदू हळूच म्हणाली.

“कधीपासून?”

जिच्याशी ही जन्मभर भांडली, तिने हिच्या तब्येतीची काळजी हिला कळू न देता घेतली होती. आत्या खाली बघून चावत राहिली. मला वाटलं, विरघळली बाई. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तिची नजर भावाच्या ताटाकडे गेली. तिथे सात रंगांशिवाय आणखी एक वाटी होती, शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेल्या पालेभाजीची.

“हे काय? भाजीत शेंगदाणे? हे आपल्या घरातलं नाही.”

“माझ्या माहेरचं आहे.” माशुदूने शाल खांद्यावर घट्ट ओढली. “मामंजींना काय आवडतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मला जे चांगलं येतं ते केलं.”

“मग ते माहेरीच करायचं! माझ्या वहिनीच्या टेबलावर व्हेंडाची भाजी! पाकिसो, मी सांगून ठेवते, पुढच्या वर्षी...”

म्हाताऱ्याने ती वाटी उचलून पुढे धरली. वाटी रिकामी होती, बोटाने पुसून घेतलेली. डेंजर पायाशीच बसला होता. मला वाटलं, आता त्यालाच काहीतरी ऐकावं लागणार. पण म्हाताऱ्याने मान वर केली, सुनेकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, “मा-तेबेलो, अजून वाढ.”

सासू गेल्यापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. ती जागची हललीच नाही. मग त्याने खिशातून तो चाकू काढला आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला.

“हा तिचा. आता तुझा. धार लावली आहे.”

पोरगी शालीत तोंड लपवून रडली. मीही रडले, पाकिसो भलतीकडेच बघत राहिला. आत्या तेवढी शांतपणे हात पुढे करून बसली होती.

“बघू ती भाजी इकडे,” ती म्हणाली. दोन घास खाल्ले, आणखी वाढून घेतली, ती संपवली. “मीठ कमी आहे. पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच येईन इथे. मीठ बघायला कुणीतरी शहाणं माणूस हवं.” आणि आली ती, दर वर्षी, चालवत होतं तोवर.

आता आत्या नाही, म्हातारा नाही, डेंजरही पीचच्या झाडाखाली पुरला. तेबेलो मात्र आला, चांगला उंचनिंच झाला, गेल्या पावसाळ्यात त्याचं लग्न झालं. परवा त्याची नवी बायको पालेभाजीची जुडी घेऊन कुंपणाशी आली.

“आजी,” तिने विचारलं, “आजेसासूबाई ह्यात शेंगदाणे किती घालायच्या हो?”

मागे मा-तेबेलो दारात उभी होती. मा-दिसेबोच्या भाजीत शेंगदाणा कधी पडलाच नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

“भरपूर घालायची,” मी म्हटलं. “मीठ मात्र कमी.”