घोडीजवळचा पिकअप
जिनिंगजवळून एसटी गेली की कापसाचा कोमट वास खिडकीतून आत येतो आणि मी श्वास धरून बसतो. त्या साली राळेगावला आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता आणि क्षयाच्या इंजेक्शनांनी बाबांचे कान जात होते. जयंतीच्या स्टेजवर जन्मभर गिटार वाजवलेला माणूस माझं वाजवणं ऐकायला समोर बसून म्हणाला, “तू नुसते बोटं हालवून राह्यला.” कापूसच आवाज खातो, असं म्हणत मी स्पीकर अंगणात ओढला, आवाज पुरता वाढवला; शेजारी बाहेर आले, पण बाबांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्यांनीच शिकवलेलं आठवलं: घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, तार जेमतेम हलते, म्हणून तिथल्या पिकअपचा, तारेखालच्या आवाज टिपणाऱ्या चुंबकाचा, आवाज टोकदार, गिटारच्या गळ्याकडे ती मोकळी झुलते, तिथला आवाज जाड. बाबांचे टोकदार आवाजच आधी गेले असतील, असं वाटून मी खटका गळ्याकडच्या पिकअपवर टाकला. “आता येते काय, बाबा?” “हां, हे येते. थांबू नको.” अंधार पडला तरी मी थांबलो नाही. होळीपर्यंत तोही आवाज त्यांना येईनासा झाला. आता सोबतचे वाजवणारे कुरकुरतात, तुझी गिटार दबलेली वाटते, खटका फिरव म्हणून. मी फिरवत नाही. बाबा अजून पहिल्या रांगेत येऊन बसतात.